मागच्या सीटवर बसलेल्या सभापती

मी एक जुनी सतरा सीटची गाडी आहे आणि मला राग आलेला आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की हळव्या होतात आणि शेवटी आमची काळजी घ्या म्हणून विनवतात. माझ्याकडून तसं होणार नाही. माझा पत्रा गंजलाय, एक आरसा तारेने बांधलाय, दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही, पण त्याचं मला फारसं दुःख नाही. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे आणि तो पहिल्यापासून सांगितला तरच तुम्हाला कळेल.

मुरूडच्या अमृतरावांनी मला नवीकोरी आणली तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. अमृतराव स्वतःच मालक आणि स्वतःच चालक. त्यांनी समोरच्या काचेपाशी महादेवाची लहानशी पिंड बसवली, त्यांच्या मुलीने, सृष्टीने माझ्या चाकांना हळदकुंकू लावलं आणि मग मला बाजारपेठेतून मिरवत नेलं. दुकानदार गल्ल्यावरून उठून बघायला आले. आपण काहीतरी मोठं काम करायला आलो आहोत, असं मला तेव्हा वाटलं होतं.

आणि कामंही चांगली मिळाली. मी वऱ्हाडं नेली. डोळ्यांच्या शिबिराला निघालेले म्हातारे नेले. हिवाळ्यात शाळेच्या सहली असायच्या. कधी उदगीरचा किल्ला, कधी औशाचा, कधी खरोशाची लेणी. पोरं गाणी म्हणत, खिडकीतून ओकत, माझ्या सीटांच्या मागे पेनाने आपली नावं कोरत. गुरुजी ओरडायचे, पण अमृतराव ती नावं कधी पुसायचे नाहीत. ती अजून आहेत.

शेजारच्या तालुक्यात सांगवी नावाचं छोटं गाव आहे. गाव आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये ओढा आहे. ओढ्यावर पूल नाही, नुसती सिमेंटची फरशी आहे. पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहायला लागलं की गाव पलीकडे आणि जग अलीकडे. तालुक्याचं नाव मात्र मी सांगणार नाही. सांगितलं तर बाकीचे तालुके हात झटकून मोकळे होतील.

काही वर्षांपूर्वी श्रावणात सांगवीच्या नागसेनचा अमृतरावांना फोन आला. त्याच्या भावाची बायको मनिषा बाळंतपणात अडली होती. आम्ही लगेच निघालो आणि ओढ्याच्या अलीकडे येऊन थांबलो, कारण पुढे जाताच येत नव्हतं. पलीकडच्या काठावर मनिषाला बाजेवर निजवलं होतं. तिच्या उशाशी नागसेनची बायको पंचशीला छत्री धरून उभी होती. मला ती दिसत होती. मधे पाणी होतं. पाणी उतरायची वाट बघण्यात अख्खी दुपार गेली. शेवटी चार गडी बाज खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून आले आणि मनिषाला माझ्या मागच्या सीटवर ठेवलं. अमृतरावांनी एवढ्या जोरात मला कधीच हाकलं नव्हतं. दवाखाना यायच्या आतच बाळ जन्मलं. ते रडलं नाही.

मनिषा पुष्कळ रडली. पंचशीलाबाई रडल्या नाहीत. त्यांनी बाळाला आपल्या पदरात गुंडाळून घेतलं आणि दवाखान्यापर्यंत तशाच ताठ बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी अमृतरावांनी माझी ती सीट धुतली. धुताना ते स्वतःशीच म्हणाले, “एक पूल असता तर.” बस, एवढंच.

पुढे बऱ्याच काळाने पंचायत समितीच्या निवडणुका लागल्या. पंचशीलाबाई अपक्ष उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे झेंडे नव्हते की भोंगे नव्हते. त्या दारोदार जायच्या आणि एकच गोष्ट सांगायच्या, की सांगवीच्या ओढ्यावर पूल झाला पाहिजे. ओढ्यापलीकडच्या सगळ्या वाड्यावस्त्यांनी त्यांना निवडून दिलं.

आता इथून पुढचं नीट ऐका, कारण मोठी माणसं हे मुद्दाम अवघड करून सांगतात. समितीत एकूण आठ सदस्य होते. छत्री चिन्हाच्या आघाडीचे चार, कपाट चिन्हाच्या आघाडीचे तीन आणि पंचशीलाबाई एकट्या. सभापतीपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव निघालं आणि आठांत तशी महिला एकच होती. म्हणजे सभापती कोण होणार हा प्रश्नच उरला नव्हता. पण अर्ज भरायला एक सूचक लागतो. आणखी एका सदस्याने, मी हिचं नाव सुचवतो, असं म्हणून सही करायची असते. बाईंच्या बाजूने दुसरं कुणीच नव्हतं. छत्री आणि कपाट दोघांनीही इथेच त्यांना धरायचं ठरवलं. आमचा सूचक हवा असेल तर आमच्या शब्दात राहा, असं दोघांचंही म्हणणं होतं.

छत्रीचे पुढारी सुदर्शनराव आधी पोचले. आपले सदस्य कपाटवाल्यांनी फोडू नयेत म्हणून त्यांनी सहल काढली आणि त्या सहलीसाठी मला ठरवलं. सांगवीला जाऊन त्यांनी बाईंना सांगितलं, “ताई, सूचक आमचा, पूल बी करू. फकस्त चार माणसांत मिसळून ऱ्हावा.” पुलाचं नाव निघालं म्हणून बाई गाडीत बसल्या.

मित्रांनो, सहल या शब्दाची एवढी विटंबना मी पाहिली नव्हती. पोरांच्या सहलीत गुरुजी पोरं मोजतात ती हरवू नयेत म्हणून. इथे सुदर्शनराव धाब्यावर, पंपावर, मुतारीपाशीसुद्धा माणसं मोजत होते, ती पळू नयेत म्हणून. निघताच त्यांनी सगळ्यांचे मोबाईल एका कापडी पिशवीत जमा करून घेतले. हजारो लोकांनी निवडून दिलेली ही माणसं, पण एकानेही का म्हणून विचारलं नाही. उलट पिशवी पुढे आली तेव्हा लग्नातला अहेर टाकावा तसे हसत हसत मोबाईल टाकले. मला बाजाराला बकऱ्या नेणाऱ्या टेम्पोचा हेवा वाटला. बकऱ्या निदान ओरडतात तरी.

पंचशीलाबाई शेवटच्या सीटवर जाऊन बसल्या. तीच सीट. त्यांनी तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांच्या शेजारी शिवगंगाबाई होत्या. त्याही सदस्यच, छत्रीच्या. पण त्यांचे नवरे सोमेशही बरोबर होते, आणि सदस्य म्हणून जे काही करायचं ते सोमेशच करत होते. हजेरीला हो तेच म्हणायचे, कुणी काही विचारलं तर उत्तर तेच द्यायचे.

उदगीर मागे पडल्यावर शिवगंगाबाई हळूच म्हणाल्या, “अक्का, मला लोक मेंबरीनबाई म्हणतेत. मंजी मेंबरची बायको. मेंबर मी हाय ते कुणाच्या ध्यानातच न्हाई.”

“तुमच्या तरी हाय का?” पंचशीलाबाईंनी विचारलं.

शिवगंगाबाई हसल्या नाहीत. “आतापस्तोर नव्हतं,” त्या म्हणाल्या.

बिदरच्या अलीकडे मैलारला खंडोबाचं देऊळ आहे. सुदर्शनरावांनी तिथे मला थांबवायला लावलं. आमच्या भागात भंडारा उचलून दिलेला शब्द मोडत नाहीत. छत्रीच्या शब्दाबाहेर जाणार नाही, अशी शपथ सगळ्यांनी भंडारा उचलून घ्यायची होती. शिवगंगाबाई उठायला लागल्या तसे सोमेश म्हणाले, “तू बस. चपला काढा, घाला, कशाला? तुझ्या वाटचा मीच उचलतो.” त्या खाली बसल्या.

पंचशीलाबाई उठल्याच नाहीत. सुदर्शनराव खिडकीशी आले. “ताई, चला की. पाच मिंटाचं काम हाय.”

“आमच्या घरानं छप्पन सालापासून हे सोडलंय साहेब,” त्या म्हणाल्या. “तुमी या जाऊन. देवाला माझा इरोध न्हाई.”

सुदर्शनरावांचा चेहरा जरा उतरला आणि ते बाकीच्यांना घेऊन देवळात गेले. देवळातून सगळे पिवळ्या हातांनी परत आले. सोमेशनी उत्साहाच्या भरात माझ्या छताला हात पुसले. तो डाग अजून गेलेला नाही.

बिदरला दुपारी सगळे जेवायला उतरले. पंचशीलाबाईंचं डोकं दुखत होतं म्हणून त्या मागच्या सीटवर पदर डोक्यावर ओढून पडून राहिल्या. सुदर्शनराव गाडी रिकामी आहे असं समजून माझ्या पुढच्या सीटवर येऊन बसले आणि त्यांनी फोन लावला. कुणाला लावला असेल? ज्या कपाटवाल्यांपासून वाचवायला म्हणून या माणसांना परमुलखात आणलं होतं, त्याच कपाटवाल्यांना.

“हाव, ऐकायलोय,” ते म्हणत होते. “उपसभापती तुमचा, कबूल. कामं आमी बघतो. बाई व्हय? बाईचं काय, बसवायची खुर्चीवर अन् सांगल तिथं सही. पूल? कोणचा पूल? सांगवीचा? सोडा की राव. त्याच्या जाग्यावर बाजारतळाला गाळे काढू. निम्मे तुमच्या पोरांना, निम्मे आमच्या.”

मग ते मोठ्याने हसले. माझा पत्रा तापला होता तो उन्हाने, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. ज्या सीटवर ते बाळ गेलं, त्या सीटच्या पुढे बसून हा माणूस तो पूल विकत होता, आणि मी त्याला सावली देत होते. गाडीला हात असते तर काय केलं असतं ते मी तुम्हाला सांगत नाही, तुम्ही लहान आहात.

पंचशीलाबाई हलल्यासुद्धा नाहीत. सुदर्शनराव उतरून गेले तेव्हा त्या उठून बसल्या. शिवगंगाबाई त्यांच्यासाठी भाकरी घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी ऐकलेलं सगळं त्यांना सांगितलं. दोघींनी ती भाकरी अर्धी अर्धी खाल्ली. त्या काही ठरवताहेत असं मला वाटलं नाही. त्या फक्त जेवल्या.

दुसऱ्या दिवशी निवड होती. सकाळी आम्ही परत निघालो. तालुक्याचं गाव थोडं पुढे असताना सुदर्शनरावांनी एका धाब्याजवळ मला थांबवायला लावलं. बिदरच्या बाजारातून त्यांनी एक फ्रेम आणली होती. त्यांनी ती वर्तमानपत्रातून काढली आणि समोरच्या काचेपाशी, अमृतरावांच्या पिंडीशेजारी उभी केली. तो बाबासाहेबांचा फोटो होता. कोपऱ्यात किमतीची चिठ्ठी तशीच होती.

“ताई,” सुदर्शनराव गोड आवाजात म्हणाले, “भंडारा तुमाला चालत न्हाई, ते बराबर हाय. ह्यो तर चालतोय? ह्येच्यावर हात ठिवा अन् म्हणा, छत्री म्हणल तिथंच सही करीन.”

पंचशीलाबाई शेवटच्या सीटवरून उठून पुढे आल्या. त्यांनी फोटो उचलला, कोपऱ्यातली चिठ्ठी नखाने सोलून काढली आणि फोटो छातीशी धरला.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “ह्या माणसानं आमाला कुणाच्या म्होरं वाकू नका म्हणून शिकवलं. अन् तुमी त्यालाच म्होरं ठिवून मला वाकाया सांगताव. लाज कशी वाटली न्हाई तुमाला?”

“शब्द सांभाळून बोला.”

“काल दुपारी मी हितंच पडून होते. गाळे बी ऐकले अन् निम्मे-निम्मे बी ऐकलं. पूल इकलाव ना तुमी? मग आता कशाची शपथ मागताव?”

सुदर्शनरावांचा गोड आवाज संपला. ते म्हणाले, “बरं. मग सूचक कोण होतंय तुमचं? आठ जणांत एक नाव सांगा.”

गाडीतल्या सदस्यांनी काय केलं असेल? एकाने चष्मा पुसला, एकाने बाहेर उभी असलेली म्हैस निरखली, एक तर झोपेचं सोंग घेऊन मागे रेलला. मला सुदर्शनरावांपेक्षा त्या तिघांचा राग जास्त आला आणि अजूनही येतो. सुदर्शनराव निदान जागे होते.

मग मागून आवाज आला. “मी हाय की.”

शिवगंगाबाई उभ्या राहिल्या होत्या. सोमेश गर्रकन वळले. “खाली बस. डोकं फिरलंय का? काल भंडारा उचललाय आपुन.”

“आपुन न्हाई,” शिवगंगाबाई म्हणाल्या. “तुमी उचललाय. मी गाडीत होते. तुमीच म्हणलाव ना, तू बस, तुझ्या वाटचा मी उचलतो म्हणून? शपथ तुमी घेतलीय, तर तुमीच पाळा. मी कुणाला कायबी शब्द दिला न्हाई.”

बायकोच्या वाटचं सगळं आपणच करायची सोमेशची सवय, आणि ती नेमकी त्या दिवशी त्यांच्या अंगावर आली. चष्मा पुसणारे सदस्य खुदकन हसले आणि लगेच खोकले.

सुदर्शनराव अमृतरावांकडे वळले. “गाडी फिरव. परत उदगीरच्या रस्त्याला लाव.” अर्ज भरायची वेळ टळली की झालं, एवढाच त्यांचा हिशेब होता.

अमृतरावांनी त्या फोटोकडे पाहिलं, पंचशीलाबाईंकडे पाहिलं आणि आरशातून मागच्या सीटकडे पाहिलं. मग ते शांतपणे म्हणाले, “भाडं पंचायत समितीपस्तोर ठरलंय मालक. मी ठरल्यापरमानं जातो. तुमाला उतरायचं आसल तर हितं धाबा हाय.”

त्यांनी चावी फिरवली. मित्रांनो, त्या सकाळी मी एका दमात चालू झाले. एरवी मी तीन वेळा खोकते.

पंचायत समितीच्या आवारात मी लिंबाखाली उभी राहिले. दोन्ही बाया हातात हात घालून आत गेल्या. शिवगंगाबाईंनी स्वतःच्या हाताने सही केली आणि पंचशीलाबाई बिनविरोध सभापती झाल्या. इथपर्यंत ऐकून तुम्ही टाळ्या वाजवाल. थोडं थांबा.

लगेच उपसभापतीची निवड झाली. हात वर करून. छत्रीचे तिघे आणि कपाटाचे तिघे, काल परवापर्यंत एकमेकांना चोर म्हणणारे, त्या सगळ्यांचे हात एकदम वर गेले. बाहेर दोन्हीकडच्या पोरांनी एकमेकांना गुलाल लावला आणि उपसभापतींना खांद्यावर घेऊन नाचवलं. सभापतींना हार घालायला कुणी आलं नाही. पंचशीलाबाई बाहेर आल्या आणि अमृतरावांना म्हणाल्या, “काका, सांगवीला सोडताव का?”

आम्ही त्यांना ओढ्यापर्यंत सोडलं. पुढे मला जाता येत नव्हतंच. फरशी उखडलेली होती आणि तिच्यावरून घोट्याएवढं पाणी वाहत होतं. तालुक्याच्या सभापती खाली उतरल्या, एका हातात चपला घेतल्या, दुसऱ्या हाताने फोटो छातीशी धरला आणि पाण्यातून चालत आपल्या गावात गेल्या.

पहिल्याच बैठकीत त्यांनी पुलाचा ठराव मांडला. बाजूने दोन हात वर झाले, एक त्यांचा आणि एक शिवगंगाबाईंचा. बाकीच्यांनी गाळ्यांसाठी हात वर केले. त्यांनी पुढच्या बैठकीत पुन्हा मांडला. पुन्हा दोन हात. त्या दर बैठकीत मांडतात आणि खाली बसत नाहीत. खुर्ची मिळाली, पण खुर्चीच्या बाजूने वर होणारे हात अजून त्या सहलीवरून परतलेच नाहीत.

आणि माझं म्हणाल, तर सुदर्शनरावांनी गावोगाव निरोप फिरवला, की ही गाडी कुणी ठरवायची नाही. हळूहळू वऱ्हाडं बंद झाली, मग शाळेच्या सहली बंद झाल्या. लोक अमृतरावांना भेटले की कसंनुसं हसायचे आणि दुसरी गाडी ठरवायचे. अमृतरावांनी महिनाभर वाट पाहिली. मग एके सकाळी त्यांनी मला इथे आणून उभं केलं, सांगवीच्या ओढ्याच्या अलीकडच्या काठावर, बाभळीखाली. मागची सीट तेवढी आडवी ठेवलीय, वर गादी टाकलीय. चावी जवळच्या शेतातल्या घरी असते. पलीकडून कुणाला आणलं तर निदान गाडीची वाट बघायला लागू नये, एवढ्यासाठी. अमृतराव दर बाजारच्या दिवशी येतात, मला चालू करून बघतात आणि पलीकडच्या काठाकडे बघत थोडा वेळ बसतात.

तेव्हा मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. माझ्या काचा पुसू नका, मला रंग देऊ नका. एवढंच करा. तुमच्या दारी मत मागायला येतील त्यांना तुम्ही विचारा. मोठ्यांना विचारायला संकोच वाटतो, तुम्हाला वाटायचं कारण नाही. सहलीहून आलेल्या माणसाला पोरं विचारतातच. त्यांना विचारा, तुम्ही कुठे गेला होतात, कुणाच्या गाडीतून गेला होतात आणि आमच्यासाठी काय आणलंत? उत्तर देताना ते म्हशीकडे बघायला लागले तर समजून जा.

या ओढ्यावर पूल बांधा आणि त्याच दिवशी मला भंगारात घाला. मी कुरकुरणार नाही. पण तोवर मला इथून हलवू नका. आभाळ भरून यायला लागलंय, आणि पलीकडे मनिषाला आठवा महिना आहे.